पंधरा दिवसांची लढाई

भांडण ओंडक्यांचं होतं.

ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून ब्रह्मदेशाच्या जंगलात झाड पाडण्याआधी त्याच्या बुंध्याभोवती साल आणि खालचं ओलं लाकूड गोल खरवडून काढत आणि झाडाला उभ्या उभ्या मरू देत. दोन-तीन वर्षं ते तसंच वाळत राही. मग तोडणी. मग हत्ती ते ओढून एखाद्या कोरड्या ओढ्यात नेऊन टाकत, आणि पावसाळ्यात लोंढा आला की ओंडका वाहत नदीला लागे. नदीत तराफे बांधून रंगूनच्या वखारीपर्यंत. खूण केलेलं झाड वखारीत पोचायला अशी कैक वर्षं जात. दर ओंडक्यामागे राजाला ठरलेला पैसा द्यायचा. आता इतक्या वर्षांत, इतक्या ओढ्यांतून, किती ओंडके गेले हे कोण मोजणार? कंपनीचा एक आकडा, राजाच्या माणसांचा दुसरा.

कंपनीचं नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. नावातलं बॉम्बे ते आपलंच. वॉलेस बंधूंनी १८६३ साली मुंबईत भागभांडवल गोळा करून ही कंपनी उभी केली. ती आजही आहे, मुंबईतच आहे, आणि तिचे शेअर बाजारात विकत मिळतात. १८८५ च्या ऑगस्टमध्ये मंडालेच्या ह्लुतडॉने, म्हणजे राजाच्या मंत्रिमंडळाने, निवाडा दिला की कंपनीने हिशेबाबाहेर लाकूड नेलं, सबब सुमारे २३ लाख रुपये भरावेत. कंपनीने लंडनचं दार ठोठावलं.

पुढे जे झालं ते रत्नागिरीतल्या शाळकरी मुलालाही शेवटाकडून ठाऊक असतं. शहरात थिबा पॅलेस आहे, थिबा पॅलेस रोड आहे, थिबा पॉइंट आहे, जिथून भाट्याची खाडी आणि त्यापलीकडचा समुद्र दिसतो. शनिवार-रविवारी तिथे भेळ खात बसलेल्या माणसांना विचारलं तर 'ब्रह्मदेशाचा राजा होता, इंग्रजांनी आणून ठेवला' एवढं कुणीही सांगेल. का आणून ठेवला, याचं उत्तर 'ओंडक्यांपायी' असं मात्र सहसा येत नाही. उत्तर पुरतं खरंही नाही, कारण इंग्रजांना खरी धास्ती फ्रेंचांची होती. जानेवारी १८८५ मध्ये थिबाने फ्रान्सशी करार केला होता, शेजारच्या इंडोचायनात फ्रेंच पाय पसरत होते, आणि इंग्रजांना ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारी व्यापाराची वाट हवी होती. लाकडाचा दंड हे निमित्त. पण युद्धाला निमित्त लागतंच, आणि कुणाचं निमित्त चालवून घेतलं जातं हे पाहिलं की युद्ध कुणाच्या कामाचं होतं ते कळतं.

या पुस्तकात आधुनिक युद्धाबद्दल लिहिताना मी क्षेपणास्त्रांपासून सुरुवात न करता या जुन्या लढाईकडे वळलो, त्याला कारण आहे. आजच्या युद्धांचे बरेचसे अवयव तिच्यात हजर आहेत. व्हाइसरॉय डफरिनने २२ ऑक्टोबरला निर्वाणीचा खलिता काढला. इंग्रज प्रतिनिधी दरबारी ठेवा, दंडाची वसुली थांबवा, परराष्ट्र व्यवहार आमच्या सल्ल्याने करा. मुदत १० नोव्हेंबर. मंडालेचं उत्तर काही बाबतींत नरम होतं, पण ते पुरेसं नाही असं ठरलं; ते पुरेसं ठरणारच नव्हतं. १४ नोव्हेंबरला जनरल प्रेंडरगास्टची फौज सरहद्द ओलांडून इरावतीतून वर निघाली. सैनिक दहा हजारांच्या आसपास, त्यात हिंदुस्थानी पलटणी मोठ्या. त्यांना वाहून नेणारी वाफेची जहाजं इरावती फ्लोटिला कंपनीची, म्हणजे खासगी. हीच जहाजं एरवी नदीत माल आणि उतारू नेत. १७ ला मिन्हल्याचा किल्ला पडला, २८ ला फौज मंडालेत शिरली, २९ ला राजाला बैलगाडीत बसवून नदीकाठी नेलं आणि बोटीत चढवलं. राजा सव्वीस वर्षांचा, राणी सुपयालत गरोदर. एकूण पंधरा दिवस.

पंधरा दिवसांत, फारशी माणसं न गमावता, एक अख्खं राज्य. लंडनला ही लढाई स्वस्तातली वाटली. १ जानेवारी १८८६ ला जाहीर झालं की वरचा ब्रह्मदेश आता राणीच्या मुलखात आहे.

हिशेब इथे थांबवला तर लढाई खरोखरच स्वस्तातली. माझं म्हणणं एवढंच आहे की आजही प्रत्येक युद्धाचा हिशेब याच जागी थांबवला जातो: राजधानी पडली, पुतळा पाडला, जाहीरनामा वाचला, संपलं. खरा खर्च त्यानंतरच्या पानांवर असतो, आणि ती पानं दुसऱ्याच कुणाच्या वहीत लिहिली जातात.

ब्रह्मदेशाच्या वहीत काय लिहिलं गेलं ते आधी पाहू. राजा गेला तशी सरदारांची, पदच्युत शिपायांची, भिक्षूंचीही बंडं गावोगाव पेटली. दहा हजारांची फौज पुरेना. पुढच्या दीड वर्षात तीस हजारांवर शिपाई आणि लष्करी पोलीस तिथे गुंतले. बंडखोरांना 'डाकू' म्हणायची पद्धत पडली. मराठी वाचकाला हा शब्दप्रयोग नवा नाही, आपल्याकडे तोच 'पेंढारी' आणि 'दरोडेखोर' या शब्दांनी झाला होता. गावं जाळली गेली. हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बंडवाल्यांना गोळ्या घालतानाचे फोटो काढले, नेमका गोळी सुटण्याचा क्षण पकडण्याच्या नादात, आणि त्यावरून लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. युद्धातला कॅमेरा आणि त्यावरचा संताप, दोन्ही इतके जुने आहेत.

मग प्रशासक क्रॉस्थवेटने १८८७ मध्ये ग्राम कायदा आणला. मुखिया सरकार नेमणार. गावातल्या कुणी बंडवाल्याला भाकरी दिली तर दंड साऱ्या गावाला. संशयित कुटुंबं उचलून दुसरीकडे बसवायची. त्याआधी तिथे परगण्यांची वंशपरंपरागत सरदारघराणी होती, ह्लुतडॉ होतं, करवसुलीचे कागद होते. ते सारं दोन-चार वर्षांत पुसलं गेलं. मंडालेच्या राजवाड्यातली कागदपत्रं तर शिपायांच्या हाती जळाली. थांट मिंट-यू या ब्रह्मी इतिहासकाराने याच मुद्द्यावर बोट ठेवलं आहे: जुनी व्यवस्था बरी होती असं नाही, पण ती समूळ उपटल्यावर तिच्या जागी देशी असं काहीच उरलं नाही, उरली ती बंदुकीच्या जोरावरची नोकरशाही. थिबा काही प्रजाहितदक्ष राजा नव्हता. गादीवर आला तेव्हा त्याच्या नावावर भाऊबंदांची कत्तल झाली होती, हे विसरून त्याच्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. त्याचे वडील मिंडॉन मात्र सुधारणावादी होते, आणि त्यांच्या दरबारात राजाच्या सत्तेला लगाम घालू पाहणारे मंत्रीही होते. त्या खटपटीचं पुढे काय झालं असतं, हे कळण्याआधी बोटी आल्या.

हिंदुस्थानच्या वहीतही खर्च चढला, कारण मोहिमेची बिलं आपल्या तिजोरीतून गेली. मुंबईची कंपनी, लंडनचा निर्णय, आणि पैसा रयतेचा. डिसेंबर १८८५ मध्ये, थिबाला मंडालेतून हलवल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. त्या पहिल्याच अधिवेशनात लष्करी खर्च वाढवायला विरोध करणारा ठराव झाला आणि ब्रह्मदेश खालसा करण्याला नापसंती दाखवणाराही. म्हणजे या देशातल्या लोकप्रतिनिधित्वाच्या चळवळीने जन्मताच तोंड उघडलं ते युद्धाच्या बिलावर. ठराव कुणी मनावर घेतला नाही. १८८६ मध्ये प्राप्तिकराचा कायदा आला, त्यामागच्या कारणांत वाढता लष्करी खर्च होता. कायदे बदलत गेले, कर तेव्हा बसला तो बसलाच. दर जुलैत विवरणपत्र भरताना चिडचिड होते तेव्हा निदान एकदा इरावतीची आठवण काढायला हरकत नाही.

राजाला आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? कारण इथून पळता येत नव्हतं. रेल्वे नाही, ती यायला १९९० चं दशक उजाडलं. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने बोटीही बंद. इंग्रजांनी माणूस ठेवून विसरून जायला याहून सोयीची जागा मुंबई इलाख्यात मिळणं कठीण. पुढे सावरकरांनाही १९२४ ते १९३७ इथेच ठेवलं, ते उगाच नाही.

राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, तोवर राजा बंगल्यांत भाड्याने राहिल्यासारखा राहिला. तीन मजली वास्तू, उतरती छपरं, कौलं, आणि अर्धगोल कमानींच्या खिडक्या. त्या कमानींवरची लाकडी नक्षी जवळून पाहण्यासारखी आहे. मी गेलो तेव्हा श्रावणातली सर नुकतीच पडून गेली होती. कमानीखालच्या लाकडाला हात लावला तर ते गार होतं पण ओलं नव्हतं; पाणी वरून ओघळून गेलं होतं, आत मुरलं नव्हतं. कोकणात शंभर पावसाळे झेलून लाकूड असं राहत नाही. आंब्याचं वाळवी खाते, फणसाचंही कधीतरी दमतं. हा साग ब्रह्मदेशातून आणलेला, असं इथे सांगतात. ज्या लाकडावरून राज्य गेलं त्याच लाकडाच्या चौकटीतून राजा बाहेर पाहत होता, असं लिहिण्याचा मोह फार होतो. तो आवरून एवढंच सांगतो की सागात तेल असतं, त्यामुळे पाणी आणि वाळवी दोन्ही त्याला बिचकून असतात, आणि याच गुणापायी इंग्रजी आरमाराला तो हवा होता. जहाजाला साग, रेल्वेच्या स्लीपरना साग, राजवाड्याला साग.

जंगलाचा हिशेबही याच पानावर. इंग्रजांनी खालचा ब्रह्मदेश आधीच, १८५२ मध्ये घेतला होता. तिथल्या पेगूच्या सागवनांवर १८५६ मध्ये ब्रँडिस नावाचा जर्मन वनशास्त्रज्ञ आला. माणूस अभ्यासू होता. झाडं मोजल्याशिवाय तोडू नयेत, हे त्यानेच शिकवलं. पण मोजणी कुणासाठी, हा प्रश्न राहतोच. तोच ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. त्यानंतर १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले, आणि रानात गुरं चारणारा, लाकूडफाटा आणणारा माणूस एका रात्रीत 'अतिक्रमणवाला' ठरला. साताऱ्यापासून मेळघाटापर्यंत वनखात्याशी ज्याचा वाद झालेला आहे, त्याच्या वादाचं एक मूळ ब्रह्मदेशातल्या लढायांत निघतं.

आता याच वहीतली एक विलक्षण ओळ. २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत बाळ गंगाधर टिळक जन्मले. जुलै १९०८ मध्ये त्यांना 'केसरी'तल्या लेखांबद्दल राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेच्या तुरुंगात धाडलं गेलं. तिथे त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं, तिथेच पत्नी गेल्याची बातमी त्यांना कळली, आणि १९१४ च्या जूनमध्ये ते सुटले. म्हणजे सहा वर्षं अशी होती की मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. एकाला लढाई करून आणलं, दुसऱ्याला लेख लिहिला म्हणून नेलं. पण त्या लढाईने मंडाले इंग्रजांच्या हाती दिलं नसतं, तर टिळकांना ठेवायला तिथला तुरुंगही नसता. जिंकलेला मुलूख घरच्या विरोधकांना ठेवायची कोठडी होतो, हे त्याआधीपासून चालत आलं आहे. शेवटच्या मुघल बादशहाचं मरणही १८६२ मध्ये रंगूनलाच झालं होतं.

लोकशाहीवर युद्धाचा परिणाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रणगाडे संसदेत शिरताना येतात. तसं क्वचित होतं. बहुधा होतं ते असं: युद्धासाठी म्हणून एक कायदा येतो आणि युद्ध गेल्यावरही घरात पाहुण्यासारखा बसून राहतो. पहिल्या महायुद्धात १९१५ चा भारत संरक्षण कायदा आला. युद्ध संपलं तर त्याची मुदत संपेल म्हणून १९१९ मध्ये रौलट कायदा आला. हे परक्यांचं झालं. आपलं पाहा. चीनशी लढाई २१ नोव्हेंबर १९६२ ला थांबली. तिच्यासाठी लावलेली आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये. बांगलादेशच्या युद्धाची आणीबाणी ३ डिसेंबर १९७१ ला लागली. ते युद्ध दोन आठवड्यांत संपलं. आणीबाणी उठली मार्च १९७७ मध्ये. १९७५ च्या जूनमध्ये जी 'आणीबाणी' लागली असं आपण म्हणतो, ती एक चालू असतानाच लागलेली दुसरी.

तिची झळ रत्नागिरीला थेट लागली. त्या वेळी सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा नव्हता. राजापूर मतदारसंघ जिल्ह्याच्या दक्षिण भागाचा. बॅरिस्टर नाथ पै गेल्यावर १९७१ मध्ये मधू दंडवते तिथून लोकसभेवर गेले. १९७५ च्या जूनअखेर त्यांना बंगळूरमध्ये पकडलं आणि मिसाखाली तुरुंगात ठेवलं. प्रमिला दंडवते येरवड्याला. मिसा हा कायदा जुलै १९७१ चा. पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते, युद्धाचे ढग जमले होते, हेर आणि घातपाती यांच्यासाठी असा कायदा हवा असं सांगितलं गेलं. चार वर्षांनी त्यात राजापूरच्या मतदारांनी निवडून दिलेला प्राध्यापक सापडला. मतदारांनी १९७७ मध्ये त्याला पुन्हा निवडून दिलं, आणि तो रेल्वेमंत्री झाला, हा भाग सुखाचा.

हेच दंडवते २ ऑगस्ट १९९० ला देशाचे अर्थमंत्री होते, त्या दिवशी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या.

तो ऑगस्ट कोकणात अजून आठवतो. खेड, दापोली, चिपळूण, राजापूरच्या किती घरांतला कर्ता माणूस तेव्हा कुवेतला होता. पूर्वी मुंबईच्या गिरणीतून येणारी मनीऑर्डर आता ड्राफ्ट होऊन आखातातून येत होती. हल्ल्यानंतर फोन बंद, पत्रं बंद. कुवेती दिनार एका रात्रीत कागद झाला. माणसं ट्रकने, बसने, वाळवंटातून जॉर्डनला निघाली आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी परत आली. जवळपास दोन महिने फेऱ्या चालू होत्या, आणि सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परतले. हातात एखादी सुटकेस, कित्येकांच्या तर तीही नाही.

इकडे अर्थमंत्र्यांपुढे दुसरंच संकट होतं. जुलैत पिंपामागे १७-१८ डॉलर असलेलं कच्चं तेल ऑक्टोबरमध्ये चाळिसावर गेलं. आखातातून येणारे पैसे आटले. देशाची परकी गंगाजळी आधीच तोळामासा होती. दंडवत्यांचं सरकार नोव्हेंबरमध्ये पडलं, पुढच्या वर्षी तर सोनं विमानाने परदेशी पाठवून गहाण टाकावं लागलं, आणि त्यातून जी आर्थिक धोरणं आली त्यांनी पुढची तीस वर्षं घडवली. सगळा दोष आखाताचा नव्हे. आपली वित्तीय तूट आपलीच होती. पण ढकलायला एक बोट पुरतं, ते बोट कुवेतचं होतं.

युद्ध प्रत्यक्ष चाललं ते १७ जानेवारी ते २८ फेब्रुवारी १९९१, त्यातली जमिनीवरची लढाई शंभर तासांची. माघार घेताना इराकी सैन्याने सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवून दिल्या. शेवटची विहीर बंद झाली ६ नोव्हेंबरला. लढाईला सहा आठवडे, आग विझवायला आठ महिने. दिवसा काळोख, काळा पाऊस, वाळूवर तेलाची तळी. समुद्रात इतकं तेल गेलं की ते किती, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. नुकसानभरपाईसाठी संयुक्त राष्ट्रांनी आयोग नेमला. इराकच्या तेलविक्रीतून पैसे कापून दावे भागवायचे, आणि दाव्यांत पळून आलेल्या कामगारांच्या बुडालेल्या पगारापासून नासलेल्या जमिनीपर्यंत सगळं. जमीन आणि समुद्र यांना युद्धातला फिर्यादी म्हणून असं मोठ्या प्रमाणावर उभं केल्याची ही जवळपास पहिली वेळ. एकूण ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले. शेवटचा हप्ता चुकता झाला जानेवारी २०२२ मध्ये. बेचाळीस दिवसांच्या युद्धाचं बिल एकतीस वर्षांनी फिटलं. या प्रकरणातला दुसरा कुठलाही आकडा विसरलात तरी हा लक्षात ठेवा.

तोवर पुढचं युद्ध तोंडावर आलं होतंच. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि ४ मार्चला त्याने झापोरिझ्झियाचा अणुप्रकल्प ताब्यात घेतला. सहा अणुभट्ट्या, युरोपातला सर्वांत मोठा प्रकल्प, आणि त्याच्या आवारात तोफगोळे. चालत्या अणुप्रकल्पावर असा लष्करी कब्जा त्याआधी झाला नव्हता. ही बातमी राजापूर तालुक्यात जरा वेगळी वाचली गेली असणार. जैतापूरच्या पठारावर, माडबनला, सहाच अणुभट्ट्यांचा, ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प योजलेला आहे. झाला तर जगातला सर्वांत मोठा. फुकुशिमानंतर महिनाभराने, एप्रिल २०११ मध्ये, त्याविरुद्धच्या आंदोलनात नाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मेला. तेव्हाच्या वादात भूकंप होता, गरम पाण्याने मासळी जाईल ही भीती होती, हापूसच्या मोहोराचं काय हा प्रश्न होता. युद्ध फारसं नव्हतं.

खरं तर त्याचा विचार भारत-पाकिस्तानने पूर्वीच केला होता, हे आपण विसरतो. ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत करार झाला की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, पुलवामा झालं, यादी दिली गेली. वर्तमानपत्रात ही बातमी चार ओळींची असते. दोन वैऱ्यांमधली इतकी जुनी, इतकी न चुकणारी देवाणघेवाण मला तरी दुसरी माहीत नाही. जागतिक सुरक्षा नावाची जी मोठी गोष्ट आहे ती बऱ्याचदा अशा कंटाळवाण्या कागदांवर तगून असते. उलट बाजूही सांगायला हवी: हवामान करारांत देशांच्या सैन्यदलांचा धूर नीट मोजलाच जात नाही. क्योटोत त्याला बरीच सूट मिळाली, पॅरिसनंतर तो आकडा देणं ऐच्छिक राहिलं. ओंडके मोजण्यावरून युद्ध करणाऱ्या जगाला रणगाड्यांचं डिझेल मोजता येत नाही, हे पटत नाही.

परत मंडालेकडे. टिळक होते तेव्हा तिथला जुना राजवाडा उभा होता, सबंध सागाचा. मार्च १९४५ मध्ये दोस्त आणि जपानी सैन्यांच्या झुंजीत तो जळून गेला. त्याच महायुद्धात जपान्यांच्या हाताखाली ब्रह्मी सैन्याचा पाया पडला. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि जवळपास त्याच वर्षापासून यादवी सुरू झाली, ती पूर्ण थांबलीच नाही. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. २००८ च्या राज्यघटनेत त्याने संसदेतल्या एक चतुर्थांश जागा स्वतःकडे ठेवल्या, आणि १ फेब्रुवारी २०२१ ला निवडून आलेलं सरकार पुन्हा उलथवलं. त्यानंतरच्या लढाईत तीस लाखांहून जास्त माणसं देशातल्या देशात घरं सोडून पळाली. त्याआधी २०१७ मध्ये सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात ढकलले गेले होते. याचा सगळा दोष १८८५ वर टाकणं आळशीपणाचं होईल. मधल्या सत्तर वर्षांत ब्रह्मी सेनापतींनी जे केलं ते त्यांनी स्वतः केलं. पण सेनापतींना अडवणारं काही देशात का उरलं नव्हतं, याचा शोध त्या पंधरा दिवसांपाशी जातो.

लाकडाचं म्हणाल तर सागाच्या ओंडक्यांची निर्यात म्यानमारने २०१४ मध्ये बंद केली, तोवर जंगल बरंच विरळ झालं होतं. लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले, म्हणजे सागाचा पैसा अजून बंदुकांकडेच जातो असा त्यांचा समज. आता नवं लाकूड म्हणजे दुर्मीळ मृदा खनिजं. उत्तरेला काचिनच्या डोंगरांत भोकं पाडून त्यांत अमोनियम सल्फेट ओततात आणि खाली झिरपून आलेल्या पाण्यातून धातू काढतात. डिस्प्रोसियम, टर्बियम ही त्यांची नावं. ते चीनला जातात. तिथून ते लोहचुंबक होऊन विजेवरच्या गाड्यांत बसतात आणि क्षेपणास्त्रांतही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये काचिन बंडखोरांनी त्यातलं पांगवा हे खाणींचं गाव लष्कराच्या बाजूच्या सशस्त्र गटाकडून जिंकून घेतलं. १८८५ मध्ये ओंडके कुणाचे हा प्रश्न होता. आता डोंगर कुणाचा.

थिबा १९१६ च्या डिसेंबरमध्ये वारला. तीस वर्षांहून जास्त काळ तो रत्नागिरीत होता. माणिक-मोती विकून, कधी सावकाराचं कर्ज काढून त्याने दिवस काढले. सुपयालतने मृतदेह मायदेशी न्यायची परवानगी मागितली. मंडालेत राजाची समाधी झाली तर लोक जमतील, या भीतीने ती नाकारली गेली. मेलेला राजाही सुरक्षेचा प्रश्न होता. अखेर १९१९ मध्ये रत्नागिरीतच दफन झालं आणि राणीला परत जाऊ दिलं, तेही मंडालेला नाही, रंगूनला. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीलाच परत आली, इथल्याच माणसाशी तिचा संसार झाला. तिची मुलगी तुतू साधं, गरिबीचं आयुष्य जगून इथेच म्हातारी झाली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन कबरीवर येऊन गेले.

कबर शिवाजीनगर भागात आहे. राजवाड्याहून रिक्षाने दहा मिनिटं. राजवाडा पाहून लोक थिबा पॉइंटला जातात, कबरीकडे फार थोडे वळतात. कुटुंबाकडून आणि म्यानमारमधून देह परत नेण्याची मागणी अधूनमधून होत आली आहे. देह अजून रत्नागिरीतच आहे.